जमिनीवर बसणाऱ्यांचं घर जास्त स्वच्छ असतं?

फोंड्याची लेक : नाताळात मडगावला मैत्रिणीकडे कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, खायला गेले. सवयीने चपला दारात काढल्या, तर तिची आई म्हणाली, "अगं बाय, घाल त्या, लादी थंड आहे." घरातले सगळे सपाता घालून थेट स्वयंपाकघरात! आमच्याकडे पाटावर जेवण, आई आदोळीवर (विळीवर) बसून भाजी चिरणार. ताट जिथे ठेवायचं तिथे शीतही पडलेलं चालत नाही. खुर्चीत बसणाऱ्याची नजर टेबलाखाली जातच नाही, असं माझं मत.

सोप्यावरची : त्या सपाता घरातल्याच होत्या की रस्त्यावरच्या, विचारलंत? आमच्याकडे दोन्ही वेगळ्या असतात. शिवाय अर्धी माणसं बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर (बांधीव बाकावर) बसूनच परत जातात, धूळ तिथेच राहते. तुमच्याकडे आदोळीवर मासे कापतात आणि तिथेच ताट मांडतात, त्याचं काय?

फोंड्याची लेक : मासे मागीलदारी कापतात हो! सोवळ्याच्या घरात तर बोलायलाच नको.

गुडघे गेलेला : डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केल्यापासून आमची चवथीची पंगत टेबलावर. लादी पूर्वीसारखीच पुसली जाते. आणि पूर्वी तरी कोण पुसत होतं? पाट मांडणारी, जेवणं झाल्यावर शेणगोळा फिरवणारी आजी. आजोबा नुसते मांडी घालून बसायचे. स्वच्छता बसणाऱ्याची नव्हे, वाकणाऱ्याची.

जुनी काबिजाद : सासष्टी, म्हणजे मडगावचा तालुका, सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेली, म्हणून ती जुनी काबिजाद; फोंडा अठराव्यात, म्हणून नवी. 1736 च्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) फर्मानात तुळस लावायला बंदी होती, अळणी भात शिजवायलाही, कारण त्या हिंदू चाली. चुलीपर्यंत पहारा पोचला होता. तेव्हा कोण कशावर बसतं याला नुसती आवडनिवड म्हणू नका. फोंड्याची घरं राजांगणातल्या (घराच्या मधल्या अंगणातल्या) तुळशीकडे तोंड करून, सासष्टीची बाल्कांवातून रस्त्याकडे. चपलांची जागा त्यावरून ठरली असणार, हा माझा अंदाज.

गुडघे गेलेला : आता दोघीही फ्लॅटमध्ये राहतात. राजांगण नाही, बाल्कांव नाही. चपलांचा ढीग लिफ्टसमोर.

फोंड्याची लेक : सपाता वेगळ्या का, ते विचारायला हवं होतं, मान्य. पण चुलीपाशी? नाही पटत.

सोप्यावरची : मग पुढच्या नाताळात आमच्याकडे या. सोप्यावरच बसवते, दोदोल तिथेच आणून देते.