ऱ्होड आयलंड: आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान, मग एवढा ताठा कशाचा?

गुजरीवाला

राम राम मंडळी. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, माझं चांदीचं दुकान, मूळ गाव हुपरी. धाकटी लेक शिकायला अमेरिकेत ऱ्होड आयलंडला आहे, प्रॉव्हिडन्स शहरात. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, इथं पण एके काळी गुजरी होती, घाऊक दागिन्यांचे कारखाने." मग मी नकाशा काढून बसलो. जमीन २,७०० चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही, आपला जिल्हा ७,६८५! तरी म्हणे अमेरिकेची नवी राज्यघटना मान्य करायला पहिल्या तेरा राज्यांत हेच सगळ्यात शेवटी तयार झालं. एवढं अडून का बसले? आणि शहर जमिनीवर असताना नावात 'आयलंड' कशाला?

निवृत्त मास्तर

नावाचं आधी संपवतो. अक्विडनेक बेटाला १६४४ मध्ये ऱ्होड आयलंड नाव दिलं, जमिनीवरच्या वस्त्या प्रॉव्हिडन्स प्लांटेशन्स. दोन्ही जोडून लांबलचक सरकारी नाव झालं, ते २०२० च्या मतदानात कापलं.

आता ताठा. ते राज्य वसवलंच मुळी हाकललेल्या माणसांनी. रॉजर विल्यम्स हा पाद्री म्हणायचा, सरकारनं माणसाच्या देवाधर्मात पडू नये, आणि इथली जमीन मूळ रहिवाशांची, इंग्लंडच्या राजाला ती वाटायचा हक्क नाही. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी १६३५ मध्ये हद्दपारीचा हुकूम काढला. हा भर थंडीत बर्फातून निसटला आणि १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट लोकांचे सरदार कॅनॉनिकस आणि मायँटोनोमी यांच्याकडून जमीन घेऊन राहिला. मागून ॲन हचिन्सन आली. बाई घरात प्रवचनं करायची, हा तिचा मोठा गुन्हा. १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाकडून सनद मिळाली, तीत धर्मस्वातंत्र्य लिहून दिलेलं. स्वातंत्र्यानंतरही १८४३ पर्यंत राज्य त्याच सनदेवर चाललं. राजा गेला, सनद राहिली!

घटनेला विरोध मात्र धर्मापायी नव्हे, पैशापायी. स्वातंत्र्ययुद्धानंतर शेतकरी कर्जात बुडाले होते, म्हणून १७८६ मध्ये राज्यानं कागदी नोटा छापल्या आणि त्या नाकारणाऱ्याला दंड ठेवला. याच राज्यातल्या न्यूपोर्ट बंदरातल्या जॉन वीडन या खाटकाकडं ट्रेव्हेट नावाचं गिऱ्हाईक मटणाला नोट घेऊन गेलं. वीडन म्हणाला, नाही घेत. खटला झाला, कोर्टानं तो चालवायलाच नकार दिला, तर विधानसभेनं न्यायाधीशांनाच जाब विचारायला बोलावलं. नव्या घटनेत राज्यांना नोटा छापायची बंदी. मग कशाला मान डोलवतील? घटना लिहायला भरलेल्या १७८७ च्या अधिवेशनाला एकही प्रतिनिधी धाडला नाही.

तालमीतला

मास्तर, गॅस्पी राहिलं की! १७७२ च्या जूनमध्ये हे इंग्रजांचं जकातीचं गलबत एका बोटीचा पाठलाग करताना वाळूत रुतलं. रात्री प्रॉव्हिडन्सची पोरं होड्या वल्हवत गेली, कप्तानाला गोळी घातली, खलाशी उतरवले आणि गलबत पेटवून दिलं. बोस्टनच्या लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात बुडवला तो त्यानंतर दीड वर्षानं. पुढं चौकशी बसली, तर अख्ख्या गावात कुणी काय बघितलंच न्हाई! नाद खुळा. गुजरीवाले काका, पोरगीला सांगा, माणसं आपल्यातलीच हाईत.

गुजरीवाला

मास्तर, तो खाटीक मला कळला. नोटबंदीच्या रात्री नवाच्या पुढं एक ओळखीचं गिऱ्हाईक पाचशेची बंडलं पिशवीत घालून आलं, "जे असेल ते पैंजण द्या." मी शटर निम्म्यावर ओढून उभा. नाही म्हणताना जीभ जड झाली होती, पण नाहीच म्हणालो. मग शेवटी हे तयार झाले कसे?

निवृत्त मास्तर

नाक दाबलं तेव्हा. १७९० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सिनेटनं ऱ्होड आयलंडशी व्यापार तोडायचं विधेयक मंजूर केलं, आणि खुद्द प्रॉव्हिडन्स शहर राज्यातून फुटायची भाषा करू लागलं. २९ मे रोजी मान्यता दिली, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

रंकाळ्याकाठची

कौतुक ऐकून घेतलं, आता थोडं कडू. तालमीतल्या भावा, जकातवाल्यांवरचा तो राग धंद्याचाही होता. आपल्याकडं कारखान्याच्या मळीपासून स्पिरिट काढतात तशी न्यूपोर्टमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या मळीपासून रम काढत. ती रम आफ्रिकेला जायची आणि बदल्यात माणसं विकत घ्यायची. अमेरिकन जहाजांच्या या धंद्यातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या या एवढ्याशा राज्याच्या. जन्मभराची गुलामी नको असा ठराव इथंच १६५२ मध्ये झाला होता, पण तो पाळला कुणी? विवेकाचं स्वातंत्र्य खरं होतं आणि हेही खरं होतं, त्याच बंदरात.

काका, लेकीला न्यूपोर्टच्या जुन्या दफनभूमीत जाऊ दे. तिथं गुलामांच्या कबरी आहेत. पॉम्पी स्टीव्हन्स नावाच्या गुलाम पाथरवटानं १७६८ मध्ये वारलेल्या आपल्या भावाचा दगड घडवला आणि तो आपण घडवला असं त्यावर नावानिशी कोरलं.

गुजरीवाला

ताई, तीन पिढ्या पैंजण घडवतोय आम्ही, कारागिराचं नाव कधी कुणी घातलं नाही. लेकीला रविवारी जायला सांगतो. अक्षरं जवळून दिसतील असा फोटो काढ म्हणतो.