फौंड्रीतल्या डीव्हीआरवरनं हल्ला, केस कुणावर?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीत माझी ओतकामाची छोटी फौंड्री. भट्टीचा सेन्सर, आठ कॅमेरे आन् त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर एकाच वायफायवर. परवा इंटरनेटवाल्याचा फोन, "तुमच्या डीव्हीआरवरनं कुठंतरी हल्ला चाललाय." पासवर्ड कॅमेरे बसवणाऱ्यानं ठेवलेलाच, १२३४५६. आता अडकणार कोण, मी का तो?

रंकाळा_७: भावा, २०१६ ला मिराई मालवेअरनं (घातक सॉफ्टवेअरनं) असल्याच पासवर्डांवर जगभरचे कॅमेरे ताब्यात घेतले. सर्ट-इनला, म्हंजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळव. २०२२ च्या आदेशानं कळल्यापासनं ६ तासांत कळवायचं, लॉग (यंत्रातल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. डीव्हीआर फॉरमॅट मारू नको, पुरावा जाईल.

शिरोलीकर: सहा तास कवाच गेले की!

काळा_कोट: तरी कळवा, उशिराचं कारण लिहून. बसवणाऱ्याशी लेखी करार आहे? नुसत्या बिलावर भरपाई मागणं अवघड.

शिरोलीकर: बिलबी न्हाई साहेब. पाव्हण्यातला हाय.