चर्च फक्त मिस्सेच्या उपासनेपुरतं, की गावाचंही?

बावखल
वसईच्या पट्ट्यात हल्ली हा वाद ऐकू येतो: चर्चचा हॉल आणि आवार ख्रिस्तीतर गावकऱ्यांना द्यायचं का? माझं मत, बिनधास्त द्यावं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातली चर्चं ओस पडली. गावांतली मात्र मोडली तरी पुन्हा उभी राहिली, कारण आजूबाजूला माणसं होती.

सुपारीबाग
माणसं होती ती भाविक होती, हॉल बुक करणारी नव्हेत! किल्ल्यातलंही एक चर्च डागडुजी होऊन वापरात आलंच ना? ते संत गोन्सालो गार्सियांच्या भक्तीपोटी. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. शिवाय चर्चच्या कायद्याचं कलम १२१० स्पष्ट आहे: पवित्र जागेत उपासनेला पूरक तेवढंच.

बावखल
कलम पुढे वाचा की. पावित्र्याला बाध येत नसेल तर प्रसंगी दुसऱ्या वापराला धर्माधिकारी परवानगी देऊ शकतात. आणि मी हॉल म्हणालो, वेदी नाही.

केळीवाडी
वसईतल्या विहिरी उपसून टँकरनं पाणी विकलं जात होतं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले. त्यांच्या मागे काय फक्त ख्रिस्ती होते? पाणी सगळ्यांचं, आंदोलन सगळ्यांचं, नि हॉल तेवढा आमचा?

सुपारीबाग
आंदोलनाची सभा घ्या, मी स्वतः सतरंज्या घालतो. पण मागे आमच्याकडे हॉलमध्ये एक बारसं होतं. इकडे संध्याकाळच्या मिस्सेत प्रवचन चालू, आणि खिडकीतून ‘हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो’. दुसऱ्या दिवशी क्रुसापाशी थर्माकोलच्या प्लेटा. त्या उचलल्या आमच्याच बायकांनी.

केळीवाडी
बारसं ख्रिस्तीतरांचं होतं का?

सुपारीबाग
नाही. आपल्याचपैकी होतं.

केळीवाडी
मग अडचण धर्माची नाहीच, माइकची आहे.

तिठा
जाता जाता: वसईच्या विजयात मिळालेली पोर्तुगीजांची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात जाऊन लोंबकळतेय, तिचा धर्म कुणी विचारत नाही. आता कामाचं बोलू. मिस्सेच्या वेळेत हॉल बंद, लाउडस्पीकर नाही, साफसफाईचं डिपॉझिट आधी. नियम सगळ्यांना सारखे, धर्मग्रामातल्यांनाही, म्हणजे आपल्या पॅरिशच्या ख्रिस्ती मंडळींनाही.

सुपारीबाग
धर्मग्रामातल्यांनाही डिपॉझिट? हे पॅरिश कौन्सिलमध्ये तुम्हीच मांडा. मी मागच्या बाकावर बसून ऐकतो.