डोलोमाइट्स: मी सायकलवर, नवरा पायी, कसं जमवायचं?

चढउतार_प्रेमी:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर इटलीत, डोलोमाइट्स पर्वतांकडे जायचं नक्की झालंय, तिकिटं काढून झाली. मी रोड बाईक चालवते, नवऱ्याला सायकलमध्ये काडीचा रस नाही पण डोंगरात चालायचं म्हटलं की तो सगळ्यात आधी बूट घालून तयार, फक्त लांब उतारावर त्याचे गुडघे कुरकुरतात. माझ्या यादीत स्टेल्व्हिओ, गाव्हिया, मोर्तिरोलो, जाउ, पोर्दोई, सेल्ला आणि ट्रे चिमे एवढे चढाचे रस्ते आहेत. गाडी भाड्याने घ्यायची आणि एक-दोन दिवसांनी मुक्काम हलवायचा असा सध्याचा बेत. मुख्य प्रश्न हा की दोघांचा दिवस एकाच डोंगरात कसा जाईल? मी चढ चढतेय आणि तो गाडी घेऊन मागे मागे येतोय नाहीतर हॉटेलात वाट बघत बसलाय असं मला अजिबात नकोय. आणि भाड्याच्या सायकलला गिअर कोणते मागायचे तेही सांगा. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

कड्याकपारी:
आधी यादी अर्धी करा, मग पुढचं बोलू. गाव्हिया, मोर्तिरोलो, स्टेल्व्हिओ हे तिघे बोर्मिओच्या आसपास, जाउ आणि ट्रे चिमे कोर्तिनाकडे, मधे तासन्‌तास ड्रायव्हिंग. मुक्काम सारखा हलवला तर सकाळ बॅगा भरण्यात आणि सायकल गाडीवर बांधण्यात जाते, आणि तिथे सकाळच सगळ्यात मोलाची, उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून गडगडाट सुरू व्हायची शक्यता असते आणि 2200 मीटरवर उघड्यावर विजेत सापडणं कुणालाच नको. सप्टेंबर तुलनेने शांत, तरी वर जाणं सकाळीच उरका.

माझं स्पष्ट मत, कोर्वारा किंवा अराब्बा यातलं एक गाव धरा आणि तिथेच राहा. मधे सेल्लाचा प्रचंड दगडी डोंगर आहे आणि त्याला वळसा घालणारा रस्ता चार पास (घाटमाथे) ओलांडतो, कांपोलोंगो (1875 मी), पोर्दोई (2239), सेल्ला (2240 च्या आसपास) आणि गार्देना (2121). पूर्ण फेरी साधारण 55 किमी, चढ एकूण 1700 मीटरच्या आसपास. कोर्वाराहून निघालात तर आधी कांपोलोंगो घ्या, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मारातोना द्लेस डोलोमाइट्स या मोठ्या सायकल इव्हेंटचा रूट पण चारही पास याच क्रमाने घेतो. फायदा असा की पाय ताजे असताना पोर्दोई येतो आणि शेवटचा गार्देना या बाजूने सौम्य आहे, मग कोर्वारापर्यंत उतारच उतार. पण सगळं एका दिवसात करायचा अट्टहास कशाला? एक पास एक दिवस असं करा, तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पोर्दोईचंच घ्या. अराब्बाहून वर 9 किमीच्या थोडं पुढे, सरासरी 7 टक्क्यांच्या आसपास आणि 33 हेअरपिन म्हणजे उलटी फिरणारी तीव्र वळणं, प्रत्येक वळणावर नंबरची पाटी. चढ एकसारखा आहे, अचानक भिंत उभी राहत नाही, त्यामुळे एकदा लय सापडली की वर जाईपर्यंत सुटत नाही. झाडं फारशी नाहीत, उघडं गवत, त्यामुळे मागे वळून बघितलं की आपण चढून आलेली सगळी वळणं खाली दिसतात. माथ्यावर इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं स्मारक आहे, तिथे भेटायचं ठरवा. यजमानांना बसने किंवा गाडीने वर येऊ दे आणि मग दोघं मिळून विएल देल पानची वाट चाला. पूर्वी पीठ-धान्याचे व्यापारी या वाटेने जायचे. गवताळ उतारावरून आडवी जाणारी सोपी पायवाट, पलीकडे मार्मोलाडा (3343 मी) आणि तिची हिमनदी अगदी समोर, खाली फेदाया तलाव. त्याच नावाच्या रिफुजिओपर्यंत (डोंगरातलं विश्रामघर) जाऊन परत फिरा, उतार फारसा नाही म्हणून गुडघ्यांनाही त्रास नाही. हिमनदीवर मात्र गाइडशिवाय पाऊल टाकायचं नाही, 3 जुलै 2022 ला तिथे बर्फाचा मोठा तुकडा कोसळून 11 जण गेले.

सायकलचे बूट घालून चालू नका, पायात चालायचे बूट पाहिजेत, ते यजमानांच्या सॅकमध्ये द्या.

साखळी_तेल:
गिअरपुरतं लिहितो. पुढे कॉम्पॅक्ट म्हणजे 50 आणि 34 दातांची चक्रं (50/34) आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र 34 दातांचं, मागे यापेक्षा लहान घेऊ नका. पॅडल आपले घेऊन जा. डिस्क ब्रेकवालीच सायकल घ्या आणि दुकानातून निघायच्या आधी ब्रेकचे पॅड किती शिल्लक आहेत ते स्वतः डोळ्यांनी बघा. उतरताना ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर जोरात दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडायचा, नजर वळण जिथे संपतं तिकडे. बस मोठ्या असतात, हेअरपिनमध्ये त्यांना पूर्ण रस्ता लागतो, त्यांना आधी जाऊ द्या.

निळा_डोंगर:
कड्याकपारींचं बरंचसं पटलं पण जाउ यादीतून काढू नका हो! कोर्वाराहून गाडीने सहज एका दिवसात होतो. सेल्व्हा दी कादोरेकडून जवळजवळ 10 किमी आणि सरासरीच 9 टक्क्यांच्या वर, म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही, कोर्तिनाकडून किंचित सोपा. वर पोचलं की चारही बाजूंना मोकळं कुरण आणि डोक्यावर रा गुसेलाचा सुळका, इतकं मोकळं मला दुसऱ्या कुठल्याच पासवर वाटलं नाही. आणि तिथून आव्हेराउ खिंडीतून नुव्होलाउ रिफुजिओ (2575 मी), 1883 पासून तो त्या टोकावर बसलाय, डोलोमाइट्समधला सगळ्यात जुना. चढ साडेतीनशे मीटरच्या आसपास, रमतगमत होतो. फक्त रा गुसेलाच्या अंगाने जाणारी थेट वाट घेऊ नका, ती अंगावर येणारी आहे, दोर धरून जायचे तुकडे आहेत. आव्हेराउवरूनच जा आणि त्याच वाटेने परत या.

चढउतार_प्रेमी:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कोर्वारा नक्की केलं, गाव्हिया आणि मोर्तिरोलो सोडले. पण स्टेल्व्हिओ सोडवत नाहीये, लहानपणापासून त्या वळणांचा फोटो बघत आलेय. त्यासाठी वेगळा मुक्काम केला तर वाया जाईल का?

कड्याकपारी:
वाया कशाला जाईल, लहानपणापासूनची इच्छा आहे तर कराच. पण कोर्वाराहून एका दिवसात जाऊन येऊ नका, अडीच-तीन तास जायलाच लागतात. शेवटचे दोन मुक्काम स्टेल्व्हिओच्या पायथ्याच्या प्रातो गावात ठेवा. प्रातोकडून 24 किमीच्या वर आणि 1800 मीटर चढ, 48 हेअरपिन, पाट्या उलट्या मोजतात, खाली 48 आणि माथ्यावर 1. त्राफोई गावापर्यंत धीराने घ्या, जोर लावू नका, खरा रस्ता पुढे आहे. फ्रान्झेन्सह्योहेच्या वळणावर झाडं संपतात आणि समोर दगडी बांधांवर रचलेली वळणं थेट आकाशापर्यंत दिसतात, तिथे उतरून पाणी प्या आणि डावीकडे ऑर्टलर शिखर बघा. हा रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात 1820 ते 1825 मध्ये कार्लो दोनेगानीने बांधला, आणि वळणं मोजत चढताना त्या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

तिथेही भेटायची जागा आहे. माथ्यापासून (2757 मी) अर्ध्या तासाच्या आत गारिबाल्दी रिफुजिओच्या टेकाडावर जाता येतं, 2843 मीटर, पहिल्या महायुद्धापर्यंत स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली तिथे मिळायचे.

अजून एक, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एक दिवस स्टेल्व्हिओ मोटारींना बंद ठेवून सायकलींना मोकळा करतात. तारीख दरवर्षी बदलते, बुकिंगच्या आधी बघून घ्या, जुळली तर मुक्काम त्याच्याभोवती बसवा, कारण एरवी मोटरसायकलींचा गोंगाट फार. पण मग यजमानांची गाडी वर जाणार नाही, त्यांनी कसं यायचं तेही आधी बघा.

साखळी_तेल:
राहिलेलं एक, माथ्यावर घामाने भिजलेले कपडे तसेच ठेवून खाली उतरू नका. कोरडं बनियन, विंडप्रूफ जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे मागच्या खिशात, नाहीतर दहाव्या वळणापर्यंत बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबला जात नाही. बोगद्यात रिफ्लेक्टिव्ह बंडी घालणं इटलीत सायकलवाल्याला कायद्याने बंधनकारक आहे, मागचा लाल दिवाही ठेवा. रिफुजिओत रात्र काढणार असाल तर स्लीपिंग बॅगचं लायनर (आत घालायची पातळ चादर) लागतं, आणि महिनाअखेरीस बरेच रिफुजिओ बंद होतात म्हणून आधी फोन करा. तातडीला 112.