'शक्यता' की 'संभाव्यता'?

प्रश्न : हवामानाच्या बातमीत 'पावसाची शक्यता', दहावीच्या गणितात धडा 'संभाव्यता'. अर्थ एकच ना? आणि 'स्वतंत्र घटना' म्हणजे एकत्र न घडणाऱ्या घटना का?

– बोलताना एकच, गणितात नाही. संभाव्यता ही ० ते १ मधली संख्या असते. शक्यता 'दाट' असते, 'धूसर' असते. 'दाट संभाव्यता' कानाला खटकतं, तिथे ०.८ म्हणायचं. खरा घोळ शक्यतेच्या अनेकवचनात आहे. 'तीन शक्यता आहेत' म्हणताना आपल्याला फलितं अभिप्रेत असतात, पाठ्यपुस्तकातल्या 'निष्पत्ती'. म्हणजे जे मोजायचं तेही शक्यता आणि त्याचं मापही शक्यता! म्हणून 'लॉटरी लागेल किंवा नाही, शक्यता दोनच, तेव्हा शक्यता निम्मी' हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. एक लाख तिकिटं आणि एकच बक्षीस असेल, तर निष्पत्ती लाख आहेत, दोन नाहीत.

– त्यासाठीच 'समसंभाव्य' हा शब्द, म्हणजे प्रत्येकीची संभाव्यता सारखीच. n(A) भागिले n(S), म्हणजे घटनेतल्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती, हे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य असल्या तरच चालतं, आणि नेमकी हीच अट विद्यार्थी गाळतात. विद्यार्थीच कशाला, दालाँबेरसारखा गणिती १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात इथेच घसरला. नाणं दोनदा फेकून निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक कशाला, म्हणून त्याने तीनच निष्पत्ती धरल्या: छापा, काटा-छापा, काटा-काटा. उत्तर २/३. पण पहिलीची संभाव्यता १/२ आणि उरलेल्या दोघींची प्रत्येकी १/४; म्हणून १/२ + १/४ = ३/४.

– दुसरा प्रश्न राहिला. एकत्र न घडणाऱ्या घटना परस्पर अपवर्जी. स्वतंत्र नव्हेत, जवळजवळ उलटच. फाशावर सम आला हे कळलं की विषम आला नाही हेही कळलं, मग स्वातंत्र्य कुठे उरलं? स्वतंत्र असण्याची कसोटी गुणाकाराची: P(A∩B) = P(A) × P(B), म्हणजे दोन्ही घटना एकत्र घडण्याची संभाव्यता ही दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार. 'सम संख्या' (१/२) आणि '४ किंवा कमी' (२/३) घ्या. दोन्हींत २ आणि ४ आहेत, म्हणजे १/३, गुणाकारही १/३. एकाच फाशावरच्या, तरी स्वतंत्र.

– जाता जाता: 'यादृच्छिक' म्हणजे 'वाट्टेल ते' नव्हे. सगळ्या निष्पत्ती आधी माहीत असतात, फक्त कोणती येईल ते सांगता येत नाही.