सल्ला हवा: खाजनातल्या मानशीचं चालतं मॉडेल, धातूचंच हवं, बजेट ९ हजार

मानसवाले_पाच
नमस्कार. आम्ही पाच जण डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टला चालणारं मॉडेल हवं आणि ते धातूचंच हवं, अशी सरांची अट आहे. मागच्या बॅचनी हायड्रॉलिक जेसीबी केले, आम्हाला मानस करायची आहे, म्हणजे खाजनाच्या बांधातलं भरती-ओहोटीच्या पाण्याचं दार. माझ्या आजोबांची चोडण बेटावर खाजन शेती होती, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठची, बांध घालून राखलेली शेती. लहानपणी मानशीवर बसून पाणी चढताना पाहिलंय. कुणी हात न लावता दारं मिटतात, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आपली आपण उघडतात.

ठरलंय ते असं: ९०० × ३०० × ३०० मिमीची टाकी, मधे आडवा बांध, बांधात मानस. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेत. नदीकडचं पाणी पंपाने चढवायचं, व्हॉल्व्हने उतरवायचं. खरी भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी परत येते, आमची पाच मिनिटांनी येईल. दाराला उभ्या बिजागरीच्या दोन झडपा, प्रत्येकी १०० × २०० मिमी.

पत्रा कुठला घ्यावा? बिजागरी कशी करावी? वेल्डिंग स्वतः करावं की बाहेर द्यावं? बजेट ₹९,०००. त्याच्या वर खरंच जमणार नाही, दोघांच्या घरी पैसे मागण्यासारखी परिस्थिती नाही. वर्कशॉपला लेथ, शिअरिंग मशीन आणि आर्क वेल्डिंग आहे. हातात दहा आठवडे.

कुंडईकर
स्टेनलेस घ्या आणि तेही ३१६ ग्रेडचं. बोटींच्या टाक्या बनवण्यात माझी अठरा वर्षं गेली. खाऱ्या पाण्यात ३०४ लासुद्धा बारीक टिपके पडून भोकं पडतात. ३१६ मधे मोलिब्डेनम असतं, ते टिकतं. पत्रा लेझरवर कापून घ्या, जोड टिग वेल्डिंगने मारा. सगळं मिळून १५ हजारांत बसवून देतो. माझ्या हातच्या टाक्या आजही पाण्यात आहेत.

रथवाला_म्हापसा
पोरांनो, विषय एकदम झकास. आम्ही शिगम्याच्या चित्ररथावर आठ फुटी गरुडाचे पंख हलवले होते. कारच्या वायपरची मोटर, १२ व्होल्टची बॅटरी आणि अँगलची फ्रेम, बस्स. दिवाळीला नरकासुराची मानही त्याच मोटरवर फिरवली. तुम्हीही झडपांना वायपर मोटर लावा. भंगारात स्वस्त मिळते आणि परीक्षकांसमोर हमखास चालते.

मानसवाले_पाच
दादा, मोटर लावली तर ती मानस राहणार नाही. पाण्याच्या रेट्यानेच दार फिरलं पाहिजे. आमचा प्रोजेक्टच तो आहे.

रथवाला_म्हापसा
बरं. पण ऐनवेळी अडलं तर माझी आठवण काढा. हमखास चालते.

चोर्लापार
गोव्यात कशाला अडकता? घाट ओलांडून बेळगावला उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत जा. झडपा ॲल्युमिनियममधे ओतून घ्या, वजनाला हलक्या होतील. मी माझ्या पंपाचं हाउसिंग तिथूनच करून आणलं, इथल्यापेक्षा बऱ्याच कमी दरात.

पणजीकर
ॲल्युमिनियमची झडप, स्टेनलेसची पिन आणि मधे खारं पाणी? ही जोडी एकत्र आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला तसंच झालं. स्टेनलेसच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी साठली आणि दोन पावसाळ्यांत स्क्रू हातात आला.

दुसरं, टाकीचा विचार केलात का? ९० × ३० × ३० सेंमी म्हणजे ८१ लिटर, काठोकाठ भरली तर ८१ किलो नुसतं पाणी. कॉलेजची घडीची टेबलं हे पेलत नाहीत. भाच्याच्या प्रदर्शनात टेबलाचा पाय दुमडला आणि सगळं पाणी शेजारच्या स्टॉलच्या सर्किटवर गेलं. अँगलचा स्टँड आधी करा, मॉडेल नंतर.

कुंडईकर
म्हणूनच म्हणतो, ३१६.

जुना_टर्नर
बिजागरीवर कुणी बोललंच नाही, आणि सगळं तिथेच अडणार आहे. माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका.

चाळीस वर्षं लेथवर होतो. एकदा पाण्यात फिरणाऱ्या चाकाला नायलॉनचे बुश केले, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या छोट्या नळ्या. ६ मिमीची पिन, बुश रीमरने बरोबर बसवले, बोटाने टिचकी मारली की चाक सहा-सात फेरे घ्यायचं. रात्री चाक पाण्यात सोडून घरी गेलो. सकाळी पाहतो तर घट्ट. पकडीने फिरवावं लागलं. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. बुश बाहेर काढले तर भोक लहान झालेलं, पिन आत जाईना.

तेव्हा नायलॉन नको. डेलरिन हे कडक प्लास्टिक घ्या, ते पाणी जवळपास घेत नाही. पिन स्टेनलेसची, आणि बुशमधे ०.२ मिमी मोकळं ठेवा. तुम्हाला इथे घट्ट फिट नको आहे. खालच्या पिनला लेथवर टोक काढा आणि तिच्याखाली स्टेनलेसचा छर्रा बसवा. झडपेचं वजन त्या एका बिंदूवर येईल, घासणार नाही. वरचा बुश फक्त सरळ धरायला.

आणि वेल्डिंग करताना चौकटीच्या चारही कोपऱ्यांना आधी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टिपके, मारा, मग समोरासमोरचे कोपरे भरत जा. एका बाजूने सलग ओढत नेलंत तर चौकट ओढ घेणार आणि दोन्ही बुश एका रेषेत राहणार नाहीत. बुशची भोकं वेल्डिंग झाल्यावर, चौकट थंड झाल्यावर पाडा.

चोर्लापार
ओतीव घेतलंत तर वेल्डिंगचा प्रश्नच नाही.

खाजनची_लेक
मी कुंभारजुव्याची. आमच्या घरात बांधाची राखण तीन पिढ्यांची. वाचून फार बरं वाटलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन्ही झडपा मिटल्यावर सरळ रेषेत येता कामा नयेत, त्यांची चोच नदीकडे हवी. मग भरतीचं पाणी त्यांना एकमेकींवर दाबतं आणि जितकं पाणी चढेल तितकं दार घट्ट होतं. दुसरी गोष्ट, सुकतीला झडप नदीच्या बाजूला उघडते, पण तिला पूर्ण उघडून भिंतीला टेकू द्यायची नाही. मागे ठोकळा हवा. टेकली तर परतणारं पाणी तिच्या मागे शिरत नाही, ती तशीच उघडी राहते आणि खारं पाणी थेट शेतात येतं. आमच्याकडे एका पावसाळ्यात ठोकळा कुजून गेला होता. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पुढचं कोरगुट भाताचं पीक हातचं गेलं.

हल्ली तर ठोकळा असला तरी उपयोग नाही. सुंगटांसाठी, म्हणजे कोळंबीसाठी, लोक भरतीलाच दारं उघडी ठेवतात. मानशीची पावणी, म्हणजे मासेमारीचा लिलावातला हक्क, घेतलेल्यांना शेताचं काही पडलेलं नाही.

शेवटो
ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्या वडिलांनी बारा वर्षं पावणी घेतली, जाळं फक्त सुकतीला लावलं आणि दारांची दुरुस्ती स्वतःच्या खिशातून केली. शेतं पडीक पडली ती मजूर मिळत नाहीत म्हणून.

खाजनची_लेक
तुमच्या वडिलांसारखे उरले किती, तेही सांगा. आमच्या बांधाला भगदाड पडलं तेव्हा पावणीवाला फिरकला नाही.

पणजीकर
दोघांचंही खरं असेल, पण धागा मॉडेलचा आहे. पोरांनो, खाऱ्या पाण्याचा हट्ट सोडा. नळाचं पाणी घ्या, नदीकडच्या बाजूला निळा रंग टाका. परीक्षक काय चव घेऊन बघणार आहेत?

कुंडईकर
नळाचं पाणी असेल तर ३०४ चालेल. ११ हजार.

रथवाला_म्हापसा
+१ नळाचं पाणी. बॅटरीलाही बरं.

मानसवाले_पाच
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाचही जण बसलो आणि गणित मांडलं. झडपेचं क्षेत्रफळ ०.०२ चौरस मीटर. झडप पूर्ण पाण्यात असताना दोन्हीकडच्या पातळीत ५ मिमी फरक पडला तर रेटा साधारण १ न्यूटन, म्हणजे जेमतेम १०० ग्रॅम. एवढ्यावर दार हलायला हवं. म्हणजे टर्नरकाका म्हणतात तेच, सगळा खेळ बिजागरीचा.

आमचं ठरलं ते असं. झडपा आणि चौकट साध्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याच्या, १.६ मिमी, एक झडप २५० ग्रॅमच्या आसपास. स्टेनलेस फक्त पिना आणि छर्रे. बुश डेलरिनचे. वेल्डिंग आम्हीच करणार, आर्कवर, आधी टाकाऊ पत्र्यावर सराव करून. त्यावर प्रायमर आणि इपॉक्सीचे दोन हात. ठोकळा ७० अंशांवर. चोच नदीकडे.

आणि पाणी खारंच. यावर कुणाचंच ऐकत नाही, त्याबद्दल माफ करा. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणूनच मानस आहे. शेताच्या बाजूला थोडं मीठ झिरपतंय की नाही ते आम्ही मोजणार आहोत, रंगाने ते कळणार नाही. टाकी अर्धीच भरणार, ४० लिटर, त्यातलं नदीकडचं २० लिटर खारं. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर ७०० ग्रॅम मीठ. आगरवाड्याच्या मिठागरातलं घेतलंय.

कुंडईकर
एमएस गंजणार. लिहून ठेवा.

जुना_टर्नर
गंजू दे. परीक्षेपर्यंत टिकलं की झालं, आणि हात त्यांचे चालले. बुश बसवताना अडलं तर इथेच विचार.

मानसवाले_पाच
सहा आठवड्यांनंतर लिहितोय. पहिली चौकट वाकली. आम्ही घाईत एका बाजूने वेल्डिंग ओढत नेलं, बुश २ मिमी इकडे-तिकडे. कापून दुसरी केली, कोपरा-कोपरा सोडून, भोकं थंड झाल्यावर पाडली. ती सरळ आली.

मग रंगाने अडवलं. इपॉक्सीचे दोन हात दिल्यावर झडपा मिटताना कडांना घासायला लागल्या. रंगाची जाडी आम्ही ड्रॉइंगमधे धरलीच नव्हती. आतल्या कडेचा रंग पॉलिश पेपरने उतरवत गेलो. जिथे पत्रा उघडा पडला तिथे आज केशरी रेघ दिसते. कुंडईकरकाका, तेवढं तुमचं बरोबर.

काल रात्री पहिल्यांदा पाणी सोडलं. नदीकडची पातळी ८ मिमी वर गेल्यावर डावी झडप हलली, मागोमाग उजवी. दोन्ही चोचीशी आल्या आणि टक् असा छोटा आवाज झाला. मग व्हॉल्व्ह उघडला, पाणी उतरलं आणि दारं आपली आपण सुटली. आम्ही अकरा वेळा केलं. एकदाही हात लावावा लागला नाही. खालून थोडं पाणी झिरपतं, तेच आता मोजतोय.

खर्च आजवर ₹६,८५०. स्टँड झालाय, पणजीकरकाका, ४० मिमी अँगलचा. खाजनची_लेक ताई, ठोकळ्याशिवायही एकदा करून पाहिलं. झडप भिंतीला टेकली आणि तुम्ही सांगितलंत तसंच झालं, तिसऱ्या फेरीला शेत खारं.

बांधाच्या पत्र्यावर चिखल लिंपायचा राहिलाय. तो रविवारी रायबंदरहून सकाळच्या फेरीबोटीने जाऊन चोडणहून आणणार आहोत, आजोबांच्या बांधाचा.