मदत हवी आहे: महाबळेश्वरात घरासाठी प्रधानमंत्री आवास योजनेचा लाभ कुणी घेतलाय का?

नमस्कार मंडळी. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत आमचं चणे-फुटाणे आणि जॅम-सरबतांचं भाड्याचं दुकान आहे. खरा धंदा दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मेचा. जूनमध्ये पाऊस लागला की पुढचे तीन-चार महिने साठवलेल्यावर भागवायचं.

आम्ही राहतो ती खोली आता मालकांना पर्यटकांना द्यायची आहे. त्यांना तरी काय म्हणणार? सुट्टीच्या चार दिवसांत आमचं महिन्याचं भाडं सुटतं. दुकानातला पोऱ्या तर रोज वाईहून पसरणी घाट चढून येतो. इथे त्याला परवडेल अशी खोलीच नाही.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख मिळतात. पण जागा आणायची कुठून? त्यात २००१ पासून हा सगळा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, नवीन बांधकामावर कडक बंधनं. उरतं ते गृहकर्जावरचं व्याज अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख.

तर विचारायचं हे, की हंगामी उत्पन्न बँकेला कसं दाखवलंत? तहसीलदारांचा दाखला चालला, की आयकर विवरणपत्रच मागितलं? आणि याच योजनेत भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचाही भाग आहे. पाचगणी, माथेरान, लोणावळ्यात कुणी दुकानदारांनी मिळून नगरपरिषदेकडे तशी मागणी केली आहे का? अर्ज कसा लिहिला, कुणाला भेटलात, सविस्तर सांगा. खोली मे अखेर सोडायची आहे.